एकही चरा नाही

जुना बल्ब जमा केल्याशिवाय नवा मिळायचा नाही. हा आमच्या घरमालकांच्या घरातला पहिला कायदा, आणि तो मला राहायला गेल्याच्या चौथ्या दिवशी कळला. भोरला शाळेत विज्ञान शिकवायला म्हणून मी आले होते आणि त्यांची वरची खोली भाड्यानं घेतली होती. बल्ब गेला म्हणून खाली सांगायला गेले, तर काकांनी नुसता तळहात पुढं केला.

"जुना कुठाय?"

"वरच आहे, होल्डरमध्ये."

"मग काढून आणा, बाई. जुनं दिल्याबिगर नवं न्हाई."

मी स्टुलावर चढून बल्ब काढून आणला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, आतली तार तुटल्याची खात्री करून घेतली, त्याच्या गळ्यात दोऱ्यानं पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, तिच्यावर लाल खडूनं 'बाद' असं लिहिलं आणि मगच कपाटातून नवा बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला. त्या घरात मी चार वर्षं काढली. तेवढ्यात माझे दोन बल्ब, एक कुलूप, शेगडीची वाकडी झालेली जाळी आणि झाऱ्याचा तुटका दांडा एवढ्या वस्तू त्यांच्याकडं बाद होऊन जमा झाल्या.

काका एसटीच्या डेपोत स्टोअरकीपर होते. बसगाड्यांना लागणारे बुश, पिना, बेअरिंगं, पट्टे, नटबोल्ट हे सगळं त्यांच्या ताब्यात. उभा जन्म त्यांनी एका जाळीच्या खिडकीआड बसून मेकॅनिक लोकांना पार्ट देण्यात घालवला. झिजलेला पार्ट आणून दाखवा, नवा घेऊन जा. निवृत्त झाल्यावर खिडकी सुटली, पण हात तसाच पुढं राहिला. घरातली एक खोली त्यांनी स्टोअर करून टाकली होती. तेलाच्या डब्यापासून काकूंच्या शिवणाच्या सुयांपर्यंत सगळ्याला नंबर आणि जागा. आणि दुपारी एक ते दोन स्टोअर बंद. म्हणजे काका आत, दाराला आतून कडी. त्या तासात आमटीत मीठ कमी पडलं तर आमटीनं दोन वाजेपर्यंत थांबायचं. काकूंनी त्यावर उपाय काढला होता. पदराच्या गाठीत चिमूटभर मीठ त्या कायम बांधून ठेवायच्या. "त्यांच्या खोलीला कडी हाय, माझ्या पदराला न्हाई," असं मला हसत सांगायच्या.

घर रस्त्याला लागून होतं. एखादी गाडी खडखडत गेली की काका पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायचे, "हिचा बुश गेलाय." पहिल्यांदा मी कौतुकानं विचारलं, "काका, तुम्ही बुश बसवायचात का?"

"न्हाई."

"मग करायचात?"

"न्हाई वो बाई. करणारे येगळे, बसवणारे येगळे. म्या नुसता देणार."

हे बोलताना ते जरा ओशाळले, असं मला वाटलं. हजारो वस्तू त्यांच्या हातातून गेल्या होत्या, आणि त्यातली एकही त्यांच्या हातची नव्हती.

त्यांचा एकच हुन्नर होता, तो म्हणजे चरा शोधण्याचा. कुठलीही वस्तू हातात आली की ते तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवत. नख कुठं अडलं की चरा. चरा असला की बाद. डेपोत त्यांनी आयुष्यभर हेच केलं होतं, आणि म्हणे त्यांच्या खिडकीतून चरा पडलेला पार्ट कधी बाहेर गेला नाही. मी हौसेनं नवा कुकर आणला, तर त्यावरूनही नख फिरलं. "चरा हाय. बदलून आणा." मी म्हटलं, "काका, कुकरला काय होतंय बारीकशा ओरखड्यानं?" ते म्हणाले, "आजचा चरा म्हंजे उद्याची चीर." मी काही बदलून आणला नाही, आणि तो कुकर अजून चालतोय. पण त्या दिवसापासून कुकरच्या शिट्टीला खालून एक खाकरणं ऐकू यायचं.

आता मुलाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यापाशी येऊन थांबतं. काका-काकूंना एकच मुलगा. आयटीआयला टर्नरचा कोर्स केलेला. टर्नर म्हणजे लेथवर काम करणारा, फिरत्या लोखंडाला हत्यार लावून हवा तो आकार देणारा. कोर्स संपला तेव्हा त्यानं स्वतःच्या हातानं केलेली पहिली पिन, करंगळीएवढी, रुमालात गुंडाळून घरी आणली आणि बापाच्या हातावर ठेवली. ज्या माणसानं आयुष्यभर पिना वाटल्या त्याला पोरानं केलेली पिन. काकांनी नख फिरवलं.

"चरा हाय," म्हणाले, आणि दोरा-चिठ्ठी आणायला उठले.

काकू मला म्हणाल्या, "मस्करी न्हवती ती बाई, अन् रागबी न्हवता. त्यास्नी दुसरं काय बोलत्यात त्ये ठावंच न्हाई."

पोरगा आठ दिवसांत चाकणला गेला. कंत्राटी कामं करत राहिला, ह्या कंपनीतून त्या कंपनीत. दिवाळीला एक दिवस यायचा, आईशी बोलायचा आणि बापाला नमस्कार करून जायचा. असं चौदा वर्षं चाललं होतं. पिन स्टोअरमध्येच होती, चिठ्ठीसकट.

मी राहायला गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी, थंडी सरता सरता, मुलाचं कंत्राट येत्या दिवाळीला संपणार आणि पुढचं काही खरं नाही, अशी बातमी काकूंना फोनवर कळली.  रविवारी सकाळी काका खाकी शर्ट घालून, खिशाला पेन लावून माझ्या दारात उभे राहिले. "बाई, विंझरला येता का? एक मशीन बघायचं हाय. तुमी सायन्सच्या हाय." मी जीवशास्त्राची. लेथ म्हणजे काय ते मला पुस्तकातल्या चित्रापुरतंच ठाऊक. तरी गेले.

विंझरला एका पत्र्याच्या शेडमध्ये तो लेथ होता. शेडचा मालक म्हणजे एक म्हातारे टर्नर. वेल्ह्याकडच्या भातगिरण्यांचे शाफ्ट, गुऱ्हाळांचे चरक, सगळं त्यांनी ह्या एका मशीनवर केलेलं. आता हात कापायला लागले म्हणून काम बंद. दोन पावसाळे मशीन प्लॅस्टिकच्या कागदाखाली पडून होतं, आणि तिकडचा पाऊस कागदाला विचारतो थोडाच. लेथ नुसता लाल झाला होता. काकांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग नख फिरवायला लागले. नख जागोजागी अडत होतं. मला वाटलं, आता 'बाद' म्हणतात आणि आपण अकराच्या गाडीनं परत.

"ह्यो द्या," काका म्हणाले.

म्हाताऱ्या टर्नरनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "चालवणार कोण?"

"माझा पोरगा. टर्नर हाय त्यो."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. बहुतेक त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं, कारण बोलून झाल्यावर, दुसरंच कुणी बोलल्यासारखं, त्यांनी मागं वळून पाहिलं.

टेम्पोतून येताना त्यांनी मला सगळा बेत सांगितला. भोरात पंपाचं, ट्रॅक्टरचं काही मोडलं की लोकांना हायवेपर्यंत, कामथडीकडं नाहीतर थेट पुण्याला पळावं लागतं. घरी लेथ असला की पोराला काम कमी पडणार नाही. "पन त्याला आत्ता सांगायचं न्हाई. दसऱ्याला बोलवायचा. खंडेनवमीची पूजा मांडायची, अन् त्याच्या म्होरं मशीन ठिवायचं चकचकीत. म्हणायचं, ह्यो घे. आता हितंच ऱ्हा."

"आणि पिनेचं?" मी विचारलं. मला भोचकपणा आवरत नाही.

ते बाहेर बघत राहिले. नसरापूर आलं तेव्हा टेम्पो थांबवून ते लेथचा दोर ताणून बघायला उतरले.

लेथ मागच्या पडवीत उतरला आणि दुसऱ्या दिवसापासून काकांनी तो खोलायला घेतला. लेथ कसा खोलतात हे त्यांना माहीत नव्हतं, पण सुटलेली वस्तू कशी ठेवतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक चाक, प्रत्येक चावी रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, चिठ्ठी बांधून फळीवर. आकाराप्रमाणे, लहान ते मोठी. महिनाभरात सगळा लेथ फळ्यांवर गेला. बघणाऱ्याचे डोळे निवावेत असं ते दृश्य होतं. मग जोडायची वेळ आली, आणि काका पहिल्यांदा घाबरलेले मी पाहिले. कुठली वस्तू कुठं ठेवली हे प्रत्येक चिठ्ठीवर होतं. ती कुठून निघाली हे एकाही चिठ्ठीवर नव्हतं. स्टोअरमध्ये ते लिहायची कधी गरजच पडली नव्हती.

उन्हाळ्याची सुट्टी मी गावी न जाता त्या पडवीत काढली. मोबाईलवर मी लेथचे व्हिडिओ लावायची. हिंदीतून कुणी एक माणूस भराभरा सांगत जायचा आणि काका त्याला दटावायचे, "अरं दमानं, दमानं! घाई कशाची हाय तुला?" एक गिअर आम्ही अकरा वेळा उलटा बसवला. बाराव्या वेळी तो सुलट बसला आणि चाक हातानं गरकन फिरलं, तेव्हा काकांनी काकूंना हाक मारली. काकू पिठाच्या हातांनी आल्या, चाक फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "बया, हलकं हाय की." त्या दिवशी शिरा झाला, आणि त्यासाठी काकांनी साखरेचा डबा स्वतःहून बाहेर काढून दिला. तो उन्हाळा आठवला की मला अजून बरं वाटतं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटते.

राहिला होता तो बेड. लेथचा बेड म्हणजे लांबलचक लोखंडी रूळ, ज्यावर हत्यार पुढं-मागं सरकतं. सगळ्या मशीनचा सरळपणा त्या बेडमध्ये असतो. हे मला आता ठाऊक आहे. तेव्हा आम्हाला एवढंच दिसत होतं की त्याच्यावर गंज आहे, आणि गंजाखाली सगळीकडं बारीक बारीक खुणा आहेत, माशाच्या खवल्यांसारख्या. काकांनी नख फिरवलं. हजार ठिकाणी अडलं.

"ह्ये समदं जायला पायजे," ते म्हणाले.

काकूंनी चिंचेचा कोळ दिला, विटकरीची भुकटी चाळून दिली. देवाची भांडी घासतात तसा तो बेड घासायला काका पाटावर बसले. चक, म्हणजे लोखंड धरून फिरवणारा जबडा, तो मशीनच्या डाव्या अंगाला असतो. काकांनी सुरुवात उजव्या टोकापासून केली. वीतभर तुकडा घ्यायचा, नख अडायचं थांबेपर्यंत घासायचा, मग पुढची वीत. हातानं उरकेना तेव्हा ग्राइंडर आणला, त्याला पॉलिशचं चाक लावलं. रविवारी मी वायर धरून उभी राहायची. पाऊस पडवीवर कोसळायचा, आत ठिणग्या उडायच्या, आणि काका मधूनच ग्राइंडर बंद करून नख फिरवायचे.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात वेल्ह्याला शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं, तिथं मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. येताना एसटी विंझरला थांबली. टपरीवर ते म्हातारे टर्नर बसले होते. मला ओळखून त्यांनी हात केला, मी खाली उतरले.

"मशीन कुठवर आलं?"

मी फुशारकीनं म्हटलं, "आलंच की! सगळं जोडून झालंय. आता बेड घासतायत काका. आरशासारखा झालाय, तोंड दिसतं."

त्यांनी कप खाली ठेवला. "बेड घासत्यात? कशानं?"

मी सांगितलं.

"बाई, आजच्या आज थांबवा त्यास्नी," ते म्हणाले.  "ती खवलं हातानं कोरलेली असत्यात. त्यात तेल ऱ्हातं. त्यांच्या जिवावर बेड सरळ असतोय. गंज तेलाच्या फडक्यानं पुसायचा, बेडाला हात लावायचा न्हाई. किती झालाय घासून?"

"उजवीकडून... मध्यापर्यंत."

"मग वाचंल. चकाकडचा अर्धा ऱ्हाऊ द्या तसाच. त्येवढ्यावर बारकी कामं हुत्यात. सांगा त्यास्नी, मशीनवाल्यानं सांगितलंय म्हणून. माझ्याकडं त्यांचा नंबर न्हाई."

मी हो म्हटलं. कंडक्टरनं बेल मारली.

घरी पोचले तर काका दारात माझी वाट बघत होते. हाताला धरून, म्हणजे जवळजवळ ओढतच, त्यांनी मला पडवीत नेलं. "वाका. बघा." मी वाकले. बेडमध्ये माझा चेहरा होता, आणि बाजूला त्यांचा. ते हसत होते. दोन वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं, दात कसे आहेत तेही माहीत नव्हतं. काकू मागून म्हणाल्या, "बाई, पोराचा फोन आलता. ह्यांच्याशी बोलला. दसऱ्याला येतो म्हणाला."

मी ठरवलं, उद्या सांगू.

उद्या सकाळी शाळेची घाई होती. संध्याकाळी ग्राइंडर चालू होता. परवा मला वाटलं, म्हाताऱ्यांचा मशीनवर जीव आहे, विकल्यावर सगळ्यांनाच तसं वाटतं. तेरवा वाटलं, आता मध्याच्या पुढं चार बोटं गेलीच आहेत, सांगून काय उपयोग. माणसाला गप्प बसायला कारणं लागतात आणि ती त्याला रोज ताजी मिळतात. खरं कारण एकच होतं. त्या हसण्यावर पाणी ओतायचं काम मला करायचं नव्हतं. गणपती गेले, घटस्थापना झाली, आणि काका घासत घासत चकापर्यंत पोचले.

खंडेनवमीला सकाळच्या गाडीनं मुलगा आला. शांत, पाठीत किंचित वाकलेला, बोटांच्या पेरांत कायमचं काळं गेलेला. काकूंनी त्याच्या पायांवर पाणी घातलं. काकांनी नवा खाकी शर्ट घातला होता. त्याला काही न सांगता ते त्याला पडवीत घेऊन गेले.

लेथला झेंडूच्या माळा होत्या, हळदीकुंकू होतं, खाली रांगोळी होती. मुलगा उंबऱ्यातच थांबला. मग पुढं झाला आणि चाकांवरून, दांड्यांवरून हात फिरवू लागला. ओळखीचं माणूस भेटावं तसा. "कुठनं आणला, आण्णा?"

"विंझरवरनं. तुझ्यासाठी. आता हितंच ऱ्हा." सात महिने घोकलेलं वाक्य काकांनी एका दमात म्हणून टाकलं.

मुलगा आईकडं बघून हसला. त्याचे डोळे भरले होते. मी ते पाहिलं, आणि क्षणभर मला वाटलं की म्हातारे टर्नर चुकले असतील, देव करो नि चुकलेले असोत.

"बेडवर नख फिरव," काका म्हणाले.

मुलानं नख नाही, तळवा ठेवला आणि सावकाश डावीकडून उजवीकडं नेला. मध्येच थांबला. परत नेला. "मोठी पट्टी हाय का, आण्णा? सरळ धारंची?"

काका लगबगीनं स्टोअरमध्ये गेले आणि दोन फुटी स्टीलची पट्टी घेऊन आले. ती त्यांनी मुलाच्या हातात दिली, काहीही जमा करून न घेता. त्यानं ती धारेवर उभी बेडवर ठेवली आणि डोळा बेडच्या पातळीला आणून पाहिलं. मीही वाकले. पट्टीची दोन टोकं बेडला टेकली होती, आणि मधल्या भागात खालून उजेडाची रेघ दिसत होती.

त्यानं मशीन चालू केलं. एक तुकडा चकात धरला, हत्यार लावलं. लोखंडाचा कीस पडायला लागला तसे काका पुढं सरकले. आपल्या घरात वस्तू तयार होताना ते पहिल्यांदा बघत होते. मुलानं मशीन थांबवलं, दोन्ही टोकांना माप लावलं. मग परत एकदा लावलं.

"बेड कुणी घासला?"

"म्या," काका म्हणाले. "एकट्यानं. बघ, एक चरा ठेवला न्हाई."

"व्हय," मुलगा म्हणाला. "एक बी चरा न्हाई." आणि तो खाली पाटावर बसला, त्याच पाटावर ज्यावर बसून काकांनी बेड घासला होता.

त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. म्हाताऱ्या टर्नरनी मला जे सांगितलं होतं तेच त्यानं बापाला समजावून सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. बेड मधून दबलाय. ह्याच्यावर जे करावं ते एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक होणार. काकूंनी विचारलं, दुरुस्त नाही का व्हायचं? तो म्हणाला, "मोठ्या कंपनीत बेड न्ह्यावा लागतो. एवढ्या जुन्याला कोण हात लावतंय, आई." मग बेडच्या डाव्या अंगावर हात ठेवून, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "चकाकडची बाजू जरी ऱ्हायली असती ना, तरी बुश, पिना, बारकं काम झालं असतं. पोटापुरतं झालं असतं."

मी प्रसादाची वाटी हातात धरून उभी होते. तेव्हाही मी बोलले नाही.

जेवणं झाली. पुरणपोळ्या ताटांत तशाच राहिल्या. मुलगा मुक्कामाला आला होता, पण त्यानं पिशवी उचलली. उद्या कंपनीत कुणाला तरी भेटायचंय, पुढच्या कामाचं बघायचंय, असं काहीसं म्हणाला. तोवर एक वाजला होता, आणि काका स्टोअरमध्ये जाऊन आतून कडी लावून बसले होते.

काकूंनी दार वाजवलं. "अवो, पोरगं निघालंय."

त्यांनी दार परत वाजवलं.

"अवो, गाडी हाय त्याची. बाहीर या की."

"दोनला," आतून आवाज आला.

मुलगा दाराबाहेर दहा-पंधरा मिनिटं उभा राहिला. एकदा त्यानं हात वर केला, वाजवायला म्हणून, आणि खाली घेतला. मग दाराच्या उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेला. दोन वाजता कडी निघाली. काका बाहेर आले, रिकाम्या ओसरीकडं बघितलं आणि मला म्हणाले, "गेला व्हय?" त्यांचे डोळे लाल होते. बाहेर येऊन रडायला त्यांना जागाच नव्हती, एवढंच ते होतं. पण मुलाला ते कोण सांगणार? तो त्या दिवाळीला आला नाही. पुढच्याही नाही. आईला फोन करायचा, गुजरातेत काम लागलंय म्हणाला.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी पडवीत गेले तर लेथच्या चाकाला चिठ्ठी बांधलेली दिसली. लाल खडूनं 'बाद'. चिठ्ठी जुनी होती, पुठ्ठा पिवळा पडलेला, दोरा मळका. काकू म्हणाल्या, "पोराच्या पिनंची सोडून हिला बांधलीया." आणि पिन काकांच्या खाकी शर्टाच्या खिशात, पेनाशेजारी गेली होती. पुढं ती मी कायम तिथंच पाहिली.

त्यानंतर काका बदलले असं म्हणता येणार नाही. एक ते दोन बंद, जुनं द्या नवं घ्या, सगळं तसंच. फक्त नख फिरवायचं त्यांनी सोडलं. बाजारातून किडकी वांगी आली तरी काही बोलायचे नाहीत. रस्त्यावरून गाडी खडखडत गेली तरी पेपरमधून काही आवाज यायचा नाही. मला ते ऐकायची सवय झाली होती, आणि ती शांतता सोसत नव्हती.

आणखी दीड वर्षानं माझी बदली वेल्हे तालुक्यात झाली. खोली सोडायच्या दिवशी सामान टेम्पोत चढलं, काकूंनी ओटी भरली, आणि मी किल्ली द्यायला पडवीत गेले. काका लेथजवळ बसले होते. चिठ्ठी लावलेल्या त्या मशीनला ते रोज तेलाच्या फडक्यानं पुसायचे. माझ्यानं राहवलं नाही. विंझरची टपरी, म्हाताऱ्या टर्नरचा निरोप, मी केलेला उद्या-परवा, सगळं सांगून टाकलं. सांगितलं की बरं वाटतं म्हणतात. मला नाही वाटलं.

ते ऐकत होते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "तवा घासत कुठवर आलतो?"

"मध्यापर्यंत."

ते उठले. बेडच्या मध्यावर एक हात ठेवला. "हितपतूर?"

"हो. तिथपर्यंत."

दुसरा हात त्यांनी चकापाशी ठेवला. दोन्ही हात तसेच ठेवून ते वाकून उभे राहिले. त्या दोन हातांच्या मधे दोन-अडीच वितींचं लोखंड होतं, चकचकीत.

"एवढा ऱ्हायला व्हता म्हंजे," ते म्हणाले.

"काका, माझं चुकलं."

"सांगायचं न्हाई व्हय, बाई?"

 ते स्टोअरमध्ये गेले आणि एक कापडी पिशवी घेऊन आले. माझ्या हातात दिली. "ह्ये तुमचं. जुनं तुमचं हितं नगं." एवढं बोलून ते परत आत गेले आणि कडी लागली. तेव्हा सकाळचे दहा वाजले होते.

नव्या खोलीत पोचल्यावर मी पिशवी उघडली. दोन बल्ब, कुलूप, शेगडीची जाळी, झाऱ्याचा दांडा. प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येक चिठ्ठीवर लाल खडूनं 'बाद'. एकेक वस्तू मी जमिनीवर मांडली. वस्तू पाच होत्या आणि चिठ्ठ्या सहा. सहावी चिठ्ठी नवी करकरीत होती, तिला नवा दोरा होता, तिच्यावरच्या 'बाद'चा रंग अजून बोटाला लागत होता, आणि ती कशालाच बांधलेली नव्हती.